हस्तलिखितातलं बेट

घाटनांदूर
३ सप्टेंबर २०२५

वनमाला,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. मग 'सुप्रसिद्ध कादंबरीकार' लिहिलं, तेही खोडलं. खाडाखोडीचा कागद मी आयुष्यात कुणाला पाठवला नाही, म्हणून हा दुसरा घेतला.

मी सुंदरराव गुरुजी. वाडीच्या शाळेत आठवीला तुला मराठी आणि भूगोल शिकवणारा. ओळख द्यावी लागते आहे, कारण परवा तुझी मुलाखत पाहिली आणि तीत आमच्यापैकी कुणीच नव्हतं. सूनबाई बबितानं मोबाइल पुढे धरला, "मामा, बघा तुमची विद्यार्थिनी." तू काळ्या वाळूवर उभी होतीस. मागे धुराचा डोंगर, वाऱ्यानं उडणारे तुझे पांढरे केस. समोरच्या बाईनं विचारलं, हे सगळं येतं कुठून? तू म्हणालीस, "या बेटावरून. दरवर्षी चार महिने मी इथंच राहते. या ज्वालामुखीनं मला शब्द दिले. गावाकडून काही मिळालं नाही. काळे दगड तेवढे मिळाले." आणि हसलीस.

बबितासुद्धा हसली. मी त्या दिवशी जेवलो नाही.

काळे दगड! अगं, त्याच दगडांवर बसवून तुला ज्वालामुखी कुणी शिकवला? शहाऐंशी सालचा भाद्रपद. पाझर तलाव काठोकाठ भरलेला, मधली काळी टेकडी चहूबाजूंनी पाण्यात उभी. वर्गात मन लागेना, तुमचंही आणि माझंही, म्हणून मी अख्खी आठवी बांधावर नेली. आभाळ असं निवळलं होतं की कविता चालीवर म्हणावी. पण तास भूगोलाचा होता. मी म्हणालो, "मुलांनो, आपण बसलो आहोत तो दगड एके काळी वाहता विस्तव होता." सगळी पोरं बुडाखालचा दगड चाचपायला लागली, गरम लागतो का म्हणून. पलीकडच्या काठाला तुझ्या वडिलांच्या, मुंजाजीच्या मेंढ्या चरत होत्या. तू तिकडे बघत विचारलंस, "गुर्जी, मग तवा मेंढरं कुटं गेली असतील?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. मी म्हणालो, "हे पुस्तकात नाही. कुणीतरी लिहायला पाहिजे."

त्या वर्षीचं शाळेचं हस्तलिखित आठवतं? छापायची ऐपत शाळेला कुठली? वर्षाला एकच प्रत निघायची, मुलांचं लेखन, सगळं एकाच हातानं सुवाच्य उतरवलेलं, जाड पुठ्ठा, रेशमी दोरा. वर्गात अक्षर तुझं होतं, म्हणून चौसष्टच्या चौसष्ट पानं तू लिहिलीस. त्यात पान एक्केचाळीसवर 'आगीचं बेट' ही गोष्ट आहे. डोंगर धुमसतो, समुद्र उकळतो, आणि मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या राहतात. जिला तिला वाटतं, दुसरीच्या सावलीत आपण वाचलो. आता तुझ्या बक्षीसवाल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण काढ. मी काढलं. दोन्ही शेजारी ठेवून चष्मा पुसून पुसून वाचलं. बेट एकच आहे, वनमाला. तू परदेशी पाऊल टाकण्याआधी ते वाडीच्या पाझर तलावात होतं.

आणि पान बारावर तुझ्या नावाची 'आई' कविता आहे, तीही विसरलीस. खरं सांगू? तुझ्या नावावर जे जे आजवर आलं त्यात तीच मला उजवी वाटते. कादंबऱ्यांत तो गोडवा नाही.

पुढच्या मुलाखतीत चूक दुरुस्त कर. हस्तलिखित माझ्या ट्रंकेत आहे. पुरावा आहे, हे ध्यानात ठेव.

सुंदरराव
(निवृत्त सहशिक्षक)

ता. क. पत्ता तुझ्या आईकडच्या पाकिटावरून उतरवून घेतला. कशाला हवा, ते तिला सांगितलं नाही.


घाटनांदूर
१९ ऑक्टोबर २०२५

वनमाला,

कार्ड मिळालं. पोस्टमननं आधी स्वतः वाचलं, मग मला दिलं. एका बाजूला धुराचा डोंगर, दुसऱ्या बाजूला एवढंच: 'गुरुजी, पान एक्केचाळीसवर खाली नाव कुणाचं आहे?'

नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. शाळेत एवढं तरी शिकवलं होतं.

सध्या मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नाही. ट्रंक माळ्यावर आहे. शिवाय तिला मध्यंतरी वाळवी लागली होती.

ही तिन्ही कारणं खोटी आहेत. हस्तलिखित आत्ता माझ्या मांडीवर आहे.

नाव विजयसिंहचं आहे. झालं समाधान? तुला माहीतच होतं, कारण ते तूच लिहिलंस. त्याचे वडील मोहनराव संस्थेचे अध्यक्ष. ते म्हणाले, "सुंदरराव, आमच्या विजूचंबी कायतरी येऊ द्या त्यात." विजूला स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं. माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्यांच्या सहीसाठी पडून होता. आणि शाळेचा नियमच होता, एका मुलाचं एकच लेखन. तुझ्या नावावर 'आई' कविता होती. गोष्ट जास्तीची झाली. ज्यांचं काही नसायचं त्यांच्या नावावर असं काहीबाही लावून द्यायची तेव्हा सगळ्याच शाळांत पद्धत होती. तू तर चौसष्ट पानांत होतीस. एका नावानं तुझं काय झिजलं?

त्यावरून पुढच्या जूनमध्ये शाळा सोडून मामाकडे अंबाजोगाईला गेलीस आणि अडतीस वर्षं या म्हाताऱ्याकडे पाठ केलीस. मला कारण आजवर कळलं नव्हतं. निदान मी तसं सांगत आलो.

आता आणखी एक. विजयसिंह गेल्या आठवड्यात आला होता. बापाच्या जागी तोच अध्यक्ष आहे. सत्तावीस डिसेंबरला शाळेचा सुवर्णमहोत्सव, त्याचं निमंत्रण घेऊन आला. माझ्या डोक्यात तुझं ते हसणं होतंच. मी रागाच्या भरात त्याला तुझी मुलाखत दाखवली आणि पान एक्केचाळीसही दाखवलं. त्यानं गोष्ट जन्मात पहिल्यांदा वाचली. बोट ठेवून, ओठ हलवत. शेवटी खाली स्वतःचं नाव पाहून म्हणाला, "गुरुजी, हे मी लिव्हलतं व्हय?"

मी हस्तलिखित मिटलं.

"लई भारी लिव्हलतं की मी!"

तेव्हाही त्याला खरं सांगितलं नाही. जाऊ दे.

सुंदरराव


घाटनांदूर
२३ नोव्हेंबर २०२५

वनमाला,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण इकडे जे चाललं आहे ते तुझ्या कानावर घालणं माझं काम आहे, कारण ते मीच चालू केलं.

विजयसिंहनं पेपरात दिलं: 'ख्यातनाम लेखिकेच्या बेटाचा उगम आमच्या शाळेत, मूळ गोष्ट अध्यक्षांच्या बालपणीची.' खाली त्याचा फोटो, गळ्यात उपरणं. तू त्याची गोष्ट उचललीस, असं तो आता चहाच्या टपरीपासून तालुक्यापर्यंत सांगत फिरतो. हस्तलिखितासाठी काचेची पेटी करायला टाकली आहे. सत्तावीस तारखेला व्यासपीठावर मी 'आगीचं बेट' वाचून दाखवायचं, मग तो हस्तलिखित पेटीत ठेवणार, पेटीला कुलूप, किल्ली संस्थेकडे. म्हणजे तू चोर ठरणार, आणि पुरावाही पुन्हा कुणाच्या हाताला लागायचा नाही.

तू येऊन खुलासा कर. नाहीतर म्हणू नकोस की गुरुजींनी कळवलं नाही.

हे एवढंच लिहून पत्र बंद करणार होतो. पण काल साखराबाई आल्या. तुझ्या आई. काठी टेकत, वाडीहून एसटीनं. ओट्यावरच बसल्या. पाणी दिलं, घेतलं नाही.

"गुर्जी, पोस्टमन सांगत हुता. कावून लिवता असलं माज्या लेकीला?"

मी म्हणालो, "साखराबाई, तिनं आपल्या गावाला नावं ठेवली. तुम्हालाही ठेवली."

"मला ठिवंल न्हाईतर डोक्यावर घील. माजी लेक हाय. तुमचं काय जातंय?"

"मी तिला शिकवलंय."

"शिकीवलं की. म्हनून तर इच्यारते. त्या गोष्टीत मेंढरं हायती म्हनं, येकमेकीच्या पोटाखाली मुंडकी घालून हुबी?"

"आहेत."

"मंग त्या इजयशिंगाला कुनी सांगितलं ते? मेंढराचा वास आला की त्यो पदर मागायचा आयचा नाकाला लावाया. माजा मालक बारा महिने मेंढरामागं हुता. वनी त्याच्या बरूबर. भर उनात मेंढरू कसं हुबं ऱ्हातंय ते बांधावर बसून दिसत न्हाई, गुर्जी."

मी विषय बदलला. तुझ्या 'आई' कवितेचा विषय काढला. माझी कल्पना अशी, की त्यांना ती कुणी कधी वाचून दाखवली नसेल. म्हणून मीच चालीवर म्हणून दाखवली:

आई माझी पहाटवारा
शिंपी अंगणी चांदणधारा

साखराबाई ऐकत राहिल्या. मग इतक्या हसल्या की बबिता बाहेर आली. "मी चांदनं शिंपीत हुते? पहाटं मी मेंढराच्या वाड्यातलं लेंड्याचं खत काडीत हुते! ही वनीनं न्हाई लिवली, गुर्जी. माजी पोर असलं लिवायची न्हाई."

उठताना काठी चाचपत म्हणाल्या, "त्या पुस्तकाचं काम झालं त्या दिवशी पोर घरी आली तर बोलंना. भाकर डाव्या हातानं खाल्ली तिनं. मी इच्यारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई. तुमाला ठाव असंल."

हे त्यांनी मला का सांगितलं ते कळलं नाही. म्हातारपणी बायका काहीही बोलतात.

सुंदरराव


घाटनांदूर
२९ डिसेंबर २०२५

वनमाला,

तू आली नाहीस. बरं केलंस. तू समोर असतीस तर मला धीर झाला नसता. हे प्रेमानं लिहीत नाही, जसं आहे तसं लिहितो.

मांडव मोठा होता. आपल्या वेळच्या शाळेचा पत्रा राहिलेला नाही, दोन मजले झाले आहेत. पण पताका त्याच, त्रिकोणी, खळीनं चिकटवलेल्या. खळीचा तो आंबूस वास आला आणि मी घटकाभर शहाऐंशी सालातच जाऊन बसलो. तुम्ही सगळे ओळीनं बसलेले, कुणीतरी कविता चुकवतंय, मी काठीनं ताल धरलेला. मग माझं नाव पुकारलं तसा भानावर आलो.

हस्तलिखित काखेत धरूनच माइकपाशी गेलो. मंचावर काचेची पेटी, आत लाल मखमल. तिच्या शेजारी विजयसिंह, कडक इस्त्रीतला. बायकांच्या बाजूला तुझी आई, पहिल्या रांगेत, काठी आडवी धरून.

मी म्हणालो, "वाचण्याआधी लेखकाची तोंडी परीक्षा घेतो. विजय, ऊठ."

आणि तो उठला, गं. एवढा अध्यक्ष, पण सवयीनं उठला, हात मागे बांधून.

"भर उन्हात मेंढरं कशी उभी राहतात?"

"कशी म्हंजी? चार पायांवर, गुरुजी."

मांडव हसला. त्यालाही वाटलं गंमत चालली आहे.

"आणि डोकं कुठं असतं?"

"मानेवर असतंय की!"

आणखी हशा. तेवढ्यात तुझी आई बसल्या जागेवरून ओरडली, "येकमेकीच्या पोटाखाली असतंय, भैय्या! लिवतानी बघितलं न्हाई व्हय?"

हशा थांबला. मी माइक दोन्ही हातांनी धरला. म्हणालो, ही गोष्ट विजयसिंहची नाही. मुंजाजी मेंढपाळाच्या मुलीची, वनमालाची आहे. खाली विजयसिंहचं नाव मी घालायला लावलं. मी, सुंदरराव. तिनं कुणाचं काही उचललेलं नाही. उचललं ते तिचं.

एवढंच बोलता आलं. विजयसिंहनं हळूच येऊन माइक माझ्या हातातून काढून घेतला, वडीलधाऱ्या माणसाच्या हातून ताट काढून घ्यावं तसा. "गुरुजी ऐंशीला टेकले. ह्या वयात असं इकडचं तिकडं हुतंय. टाळ्या होऊ द्या गुरुजींसाठी!" टाळ्या झाल्या. शाल आली. नारळ आला. हसत हसत तो माझ्या कानाशी म्हणाला, "पुस्तक ठिवा पेटीत." मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "बापानं तुमाला कायम केलतं, गुरुजी." मी नारळ मखमलीवर ठेवला आणि खाली उतरलो. पेटीत तो नारळच आहे म्हणे अजून.

तेव्हा गावाच्या लेखी गुरुजींना भ्रम झाला आहे. बबिता दोन दिवस माझ्याशी हळू आवाजात बोलते आहे. मूळ पुरावा म्हणशील तर हे चौसष्ट पानांचं बाड. ते आज तुझ्या बेटावर पाठवलं. पोस्टातल्या बाईनं विचारलं, आत काय? म्हटलं, हस्तलिखित. कुणाचं? म्हटलं, जिला पाठवतोय तिचं.

आता राहिलेलं लिहितो.

मोहनरावांच्या सहीचं मी ऑक्टोबरात लिहिलं ते खोटं होतं. माझ्या कागदावर सही श्रावणातच झाली होती. मला त्यांची भीती नव्हती. त्यांनी विजूसाठी 'कायतरी' मागितलं होतं, कुठलंही चाललं असतं. माझ्यापाशी 'आई' कविता होती. तुझी आई बरोबर बोलली, ती तू लिहिलेली नाहीस. मी लिहिली. आठ रात्री बसून. ती विजूच्या नावावर सहज घालता आली असती. पण माझी कविता त्या ठोंब्याच्या नावावर जावी, हे मला सहन होईना. तपासणीला येणारे साहेब कवितेचे दर्दी आहेत असं कानावर होतं. ती चांगल्या मुलाच्या नावावर हवी होती, शोभेल अशा. म्हणून तुझ्या नावावर घातली. मग एका मुलाचं एकच लेखन, या नियमानं तुझी गोष्ट मोकळी झाली, ती त्याला दिली. साहेबांनी पान बारा वाचलं आणि म्हणाले, "वा! या मुलीत कवी आहे." पान एक्केचाळीसपर्यंत ते पोचलेच नाहीत, चहा आला. त्या एका 'वा'वर मी एकोणचाळीस वर्षं जगलो. पहिल्या पत्रातही तीच कविता तुझ्या सगळ्या कादंबऱ्यांहून उजवी ठरवली. कोणत्या तोंडानं, ते आता तू ठरव.

तुझं ते वाक्य मात्र अजूनही चूक आहे, आणि ते मी सोडणार नाही. काही मिळालं नाही म्हणालीस. त्या काळ्या वाळूवर पुन्हा उभी राहशील तेव्हा सांग, या मेंढ्या कुणाच्या आहेत. माझं नाव घेऊ नकोस. मुंजाजीचं घे.

पार्सल बांधण्याआधी काल पुन्हा एकदा सगळी पानं पाहिली. काय अक्षर होतं तुझं! काना सरळ, वेलांटी गोल, एक पान सोडलं तर कुठंही डाग नाही. चौसष्ट पानांत एकच ओळ वाकडी आहे. पान एक्केचाळीसची शेवटची, जिथं मी तुला विजयसिंहचं नाव लिहायला लावलं. अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली आहेत आणि 'ह'वर शाईचा थेंब पडला आहे. किंवा तो शाईचा नसेल. हस्तलिखित खराब केलंस म्हणून मी वर्गासमोर तुला दोन छड्या दिल्या होत्या.

त्या दिवशी तू डाव्या हातानं भाकर खाल्लीस, हे तुझी आई सांगून गेली, आणि ते मला का सांगितलं कळलं नाही, असं मी तुला लिहिलं.

कळलं होतं.

सुंदरराव